अनुभव धागा: अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि पुढच्या वाटा (वेगवेगळ्या सदस्यांचे अनुभव, * या खुणेने वेगळे केलेले)

मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयाचा, विषय निघाला, की तो बहुधा फीपाशी येऊन थांबतो. फी कमी असते हे खरेच. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटमागे (विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर पडतात. परंतु देशभरच्या या कॉलेजांमधून दोन अगदी निराळ्या वाटा फुटतात: दोन वर्षांनी विद्यापीठात ट्रान्सफर घेणे, किंवा कामाचे प्रशिक्षण घेऊन थेट नोकरीला लागणे. आपली वाट कशी ठरली, कोणाचा सल्ला उपयोगी पडला आणि प्रशिक्षणाची संधी कुठून मिळाली, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

सुरुवात मी करते. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरी-व्हिसावर असलेल्या पतीची पत्नी म्हणून, आले तेव्हा शिकण्यास मुभा होती, मात्र पगारी काम करता येत नव्हते. पुढे २०१५ च्या नियमामुळे, पतीचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असल्याने, मला वर्क परमिट मिळाले. तोवर मी जवळच्या कॉलेजात रेडिओग्राफीला (एक्स-रे काढण्याच्या तंत्राला) प्रवेश घेतला होता. ही शाखा मला सुचली ती तेथील करिअर सेंटरमधील समुपदेशक बाईंमुळे. "तुम्हाला काय आवडते" असे त्यांनी विचारलेच नाही. दिवसभर उभे राहून, दुखणे घेऊन आलेल्या माणसांशी बोलत काम करणे जमेल का, असे त्यांनी विचारले, श्रम विभागाच्या ओ-नेट या संकेतस्थळावरील कामाचे वर्णन माझ्यासमोर उघडून ठेवले आणि प्रत्यक्ष हे काम करणाऱ्या व्यक्तीशी बोलल्याखेरीज अर्ज भरू नका, असे बजावले. हा सल्ला मी आजही प्रत्येकाला देते.

प्रवेशाच्या जागा मोजक्या होत्या आणि शरीररचनाशास्त्र आधी पूर्ण करावे लागले. प्रयोगशाळेत आम्ही प्रथम मानवी हाताच्या प्रतिकृतीवर शिकलो: मनगट किती अंशांत वळवायचे, किरणांचा झोत नेमका कुठे पाडायचा, आणि डावी-उजवी बाजू दाखवणारी, आमची आद्याक्षरे असलेली शिशाची छोटी खूण प्रतिमेच्या चौकटीत पण हाडावर न येईल अशी कशी ठेवायची. नंतर रुग्णालयात, अनुभवी तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली, हेच खऱ्या रुग्णांवर करावे लागले. शेवटी एआरआरटीची, म्हणजे रेडिओग्राफी तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, परीक्षा द्यावी लागते, आणि २०१५ पासून त्या प्रमाणपत्रासाठी किमान असोसिएट पदवी (साधारण दोन वर्षांची पदवी) आवश्यक आहे. म्हणून अभ्यासक्रम निवडताना तो त्या परीक्षेला मान्य आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे.

*

माझ्या मुलाने ट्रान्सफरचा मार्ग घेतला. कॅलिफोर्नियात कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो हे असिस्ट या संकेतस्थळावर पाहता येते. पहिल्याच सत्रात समुपदेशकांनी त्याच्याकडून पुढच्या सत्रांचा लेखी आराखडा करून घेतला, त्यामुळे एकही विषय वाया गेला नाही. याहून अधिक सांगण्यासारखे नाही. सर्व श्रेय त्या आराखड्याचे आहे.

*

आपल्याकडे "कमवा आणि शिका" म्हणतात, तसा अनुभव मला इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपमध्ये, म्हणजे पगारी शिकाऊ उमेदवारीत, आला. नोंदणीकृत अप्रेंटिसशिपचा पाया १९३७ च्या कायद्यात आहे. तासांवर आधारित कार्यक्रमात प्रत्यक्ष कामाचे किमान २००० तास भरावे लागतात आणि त्याच्या जोडीला वर्गातील अभ्यास असतो, ज्यासाठी वर्षाला १४४ तासांची शिफारस आहे. माझे वर्ग संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात भरत, दिवसा पगार चालू असे. घरच्यांना सुरुवातीला हे "मजुरीचे काम" वाटले. मला मात्र या कामाचा अभिमान वाटतो, आणि कौशल्याची कदर करणारे मराठी पालक वाढले पाहिजेत, असे मनापासून वाटते.

*

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्यांनी एक बाब नीट समजून घ्यावी, कारण मला प्रवेशापूर्वी एका सल्लागाराने याबाबत चुकीचे सांगितले होते. अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप, म्हणजे सीपीटी, सामान्यतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच, आणि तीही कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्यांनी आय-२० या प्रवेशाच्या कागदपत्रावर नोंद केल्यानंतरच करता येते. असोसिएट पदवीनंतर १२ महिन्यांच्या ओपीटीसाठी, म्हणजे शिकलेल्या विषयात तात्पुरते काम करण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करता येतो. परंतु विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी पुढची मुदतवाढ केवळ असोसिएट पदवीवर मिळत नाही, त्यासाठी किमान बॅचलर पदवी लागते. हे कळल्यावर मी ट्रान्सफरचा निर्णय घेतला आणि ओपीटीचा विचार बॅचलर पदवीपर्यंत पुढे ढकलला.