बॅटरी उतरल्यापासून एबीएस आणि स्टीअरिंगचे दिवे जात नाहीत, मदत हवी आहे

गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तीन आठवडे गाडीला हात लागला नव्हता, पुण्यात धायरीत सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये पावसात उभी होती. रविवारी रिमोट चालेना. किल्लीने दार उघडलं, स्टार्टरने नुसतं टक-टक-टक केलं आणि मीटरचे दिवे मंद होत विझले. शेजारच्या काकांनी जंप देऊन (त्यांच्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून) गाडी चालू करून दिली, पण तेव्हापासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टीअरिंगचा असे दोन पिवळे दिवे लागलेत. स्टीअरिंग दगडासारखं जड झालंय. ड्रायव्हरची काचही एका टचने वर जात नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावून सांगितलं, "एबीएस मॉड्यूल (म्हणजे एबीएस चालवणारा कंट्रोलर) गेलंय, बदलावं लागेल." आकडा ऐकून पोटात गोळा आला. बॅटरीकडे मात्र कुणी पाहिलंही नाही. मॉड्यूल खरंच गेलं असेल का? गुरुवारी आईला फिजिओथेरपीला न्यायचंय, गाडी काढू का?

प्रतिसाद १
ताई, मॉड्यूलला अजिबात हो म्हणू नका. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडलं की एबीएस, स्टीअरिंग, एअरबॅग सगळ्यांचे कंट्रोलर गोंधळतात आणि बिघाडाचे कोड साठवून ठेवतात. असा कोड म्हणजे पार्ट मेला असं नव्हे. गॅरेजकडून कोड लिहून मागा, त्यात 'लो व्होल्टेज' दिसतंय का बघा.

त्याआधी साधा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक. बॅटरीचं टर्मिनल (वायर जोडलेलं टोक) हाताने हलवून बघा, ढिलं असेल तर बाकी सगळी तपासणी फुकट.

प्रतिसाद २
एबीएसचा एकटा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. पण सोबत ब्रेकचा लाल दिवा असेल तर गाडी हलवू नका. आणि इतक्या जड स्टीअरिंगवर आईंना घेऊन सिंहगड रोडच्या गर्दीत नका जाऊ, गुरुवारी सरळ रिक्षा करा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. लाल दिवा नाही, तरी गुरुवारी रिक्षानेच गेलो. मल्टीमीटर आणला. सकाळी ११.९, स्टार्टर मारताना ८.७, चालू गाडीत १४.२. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती आणि क्लॅम्प हाताने फिरत होता! पान्याने निगेटिव्ह आधी काढून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने दोन्ही टोकं धुतली, वाळवून घट्ट केली. बॅटरीवरची तारीख चार वर्षांपूर्वीची आहे.

प्रतिसाद १
मग अल्टरनेटर चांगला आहे, बॅटरीच संपलीय. बंद गाडीसुद्धा अलार्म-रिमोटसाठी थोडा करंट खातेच. तो ०.०४ अँपिअर धरला तरी दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास जातो. तीन आठवड्यांत २० गेले, तुमची बॅटरी ३५ ची असेल तर उरलं काय? तीही चार वर्षं जुनी. नवीन टाका. मग इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, परत सरळ, आणि थोडं चालवा. बऱ्याच गाड्यांत अँगल सेन्सर (स्टीअरिंग किती वळलंय ते मोजणारा) तेवढ्याने ताळ्यावर येतो.

धागाकर्ती
नाना पेठेतून बॅटरी आणून बसवली. स्टीअरिंग फिरवताच त्याचा दिवा गेला, सोसायटीच्या गेटपर्यंत जाईतो एबीएसचाही विझला! मॉड्यूलला हात लावला नाही. काच तेवढी तशीच आहे.

प्रतिसाद २
काच पूर्ण वर न्या आणि बटण चार-पाच सेकंद तसंच ओढून धरा.

धागाकर्ती
झालं, चालली काच! सोमवारी आईला गाडीनेच नेते.