मदत हवी आहे: पाहुण्यांसाठी मालवणी वाक्यांचा संच अॅन्कीड्रॉइडमध्ये कसा बसवायचा?

तारकर्लीकरीण
आमच्याकडे उतरणाऱ्या हिंदी आणि कन्नड भाषक पाहुण्यांना फोनवर देण्यासाठी अॅन्कीड्रॉइडमध्ये (कार्डं दाखवून सराव करून घेणारं अँड्रॉइड अॅप) मालवणी वाक्यांचा संच करतेय. तयार फ्रेजबुकात विमानतळ आणि हॉटेलची वाक्यं ढीगभर, पण ‘बोट कितक्या वाजता सुटतली?’ किंवा ‘माका कमी तिखट होया’ त्यात कुठून असणार? वाक्यं एक्सेलमध्ये लिहून झाली आहेत. रकाने तीन: हिंदी, मालवणी, विषय (मासळी बाजार, फेरीबोट, जेवण, रिक्षा). अडचणी अशा:

फाइल आयात केली की देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. ‘कितने का है’ हे वाक्य मासळी आणि रिक्षा दोन्हीकडे होतं, त्यातलं एक गायब. ‘तिसऱ्या’ (शिंपले) शोधलं तर कार्ड डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. आणि उच्चारासाठी फोनमधला मराठी आवाज पुरेल का?

कुळागर
ताई, प्रश्नचिन्हं फाइलमध्येच पडलेली आहेत, अॅपमध्ये ती दुरुस्त होणार नाहीत. एक्सेलच्या साध्या ‘सीएसव्ही’त (स्वल्पविरामाने रकाने विलग केलेली फाइल) देवनागरी मावत नाही. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, किंवा सगळं गूगल शीट्समध्ये नेऊन टॅबने विलग केलेली फाइल उतरवा. मी टॅबच सुचवीन. वाक्यात स्वल्पविराम आला तरी रकाना सरकत नाही.

वाक्य गायब झालं कारण अॅन्की नोंद (फाइलमधली एक ओळ, जिचं कार्ड बनतं) ओळखतं ते पहिल्या रकान्यावरून. तिथे तोच मजकूर दुसऱ्यांदा आला की नवी नोंद होत नाही, जुनीच बदलली जाते. म्हणून पहिला रकाना खुणेचा ठेवा: मा-०१, फे-०१, रि-०१. पुढे एखादं वाक्य सुधारून फाइल पुन्हा आयात केली की त्याच खुणेची नोंद सुधारते, हा मोठा फायदा. मात्र नोंदीच्या प्रकारात खूण, हिंदी, मालवणी, आवाज अशी चार क्षेत्रं करा आणि कार्डाच्या साच्यात पुढच्या बाजूला ‘हिंदी’ लावा. नाहीतर पाहुण्याला नुसतं ‘मा-०१’ दिसेल. विषयाचा रकाना आयात करताना टॅगला जोडा.

दर्यावर्दी
‘तिसऱ्या’चं कारण कीबोर्ड. तो ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखं, शोधाला वेगळं. शीटमध्ये ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करा. शिवाय इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिलेलं पाचवं क्षेत्र ठेवा. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही ते त्यावरूनच शोधतील.

यंत्राच्या आवाजावर मालवणी सोडू नका. तो हेल प्रमाण मराठीचा. स्वतः रेकॉर्ड करा: नोंद उघडून ‘आवाज’ क्षेत्राजवळच्या क्लिपच्या चिन्हातून ‘ऑडिओ रेकॉर्ड’. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि शक्यतो घरात, कारण खाडीचा वारा माइकमध्ये भरतो. वाक्य रोजच्या गतीने बोला, तोडून तोडून नको. आणि बाजारात बोलायची वाक्यं ‘तुका’ऐवजी ‘तुमका’ने करा. पाहुणा वयाने मोठ्या मासळीवालीशी बोलणार आहे.

कुळागर
साच्यातला अक्षरांचा आकार मुळात २० असतो, तो ४४ करा. भर उन्हात तांडेलासमोर (होडी चालवणारा) फोन धरला तर २० चं काही दिसत नाही.

एक गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगा. सरावाचं बटण दाबलं की नवी कार्डं दिवसाला २० च येतात, मग ‘झालं’ असा निरोप दिसतो आणि लोकांना संच संपला असं वाटतं. फ्रेजबुक म्हणून वापरायचं तर कार्ड ब्राउझर उघडायचा आणि टॅगने गाळायचं. पावसाळ्याचा वेगळा टॅग हवाच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद. त्या दिवसांत सुक्या मासळीची वाक्यं वर पाहिजेत.

तारकर्लीकरीण
खुणेचा रकाना घातला, दोन्ही वाक्यं आली. आता संच पाठवायचा कसा?

दर्यावर्दी
संचावर बोट दाबून धरा, ‘निर्यात’ निवडा. ‘मीडिया’वर खूण हवीच, नाहीतर आवाज जाणार नाहीत. वेळापत्रकाची खूण काढा, नाहीतर तुमची सरावाची प्रगती त्यांच्याकडे जाईल. फाइल पाहुणे निघण्याआधीच पाठवा. कोकण रेल्वेवर करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, आणि आधीमधी लहान बोगदे कितीतरी. गाडीत बसून उतरवून घेणं जमत नाही. एकदा आयात झालं की पुढे नेट लागत नाही.

आयफोनवाल्यांसाठी अॅन्कीमोबाइल विकत घ्यावं लागतं. दोन दिवसांच्या पाहुण्याला तो खर्च नको. त्यांच्यासाठी त्याच शीटची मोठ्या अक्षरांतली पीडीएफ द्या, आवाज व्हॉट्सअॅपवर त्याच खुणांच्या क्रमाने.