ड्राफ्टआधीची क्रमवारी हंगामाच्या मध्यावर किती हलवावी?

चर्चाप्रस्ताव

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये आयपीएलच्या लिलावासारखी पैशांची बोली लागत नाही. ३२ संघ ठरलेल्या क्रमाने एकेका तरुण खेळाडूचे हक्क घेतात, अशा सात फेऱ्या होतात, आणि त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत वयाची १८ वर्षे पूर्ण करणारी मुले प्रथमच पात्र ठरतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच या मुलांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध होऊ लागतात. लीगची स्वतःची ‘सेंट्रल स्काउटिंग’ ही शाखा जानेवारीत मध्यावधी आणि एप्रिलमध्ये अंतिम यादी काढते, आणि माध्यमांतील जाणकार तर दर महिन्याला नावे वरखाली करतात.

माझे म्हणणे असे आहे की ही फेरमांडणी आज गरजेपेक्षा फार जास्त होते. सतरा वर्षांच्या मुलाबद्दल दोन-तीन वर्षांच्या निरीक्षणातून बनलेले मत पाच-सहा आठवड्यांच्या गोलसंख्येवरून बदलू नये. ते बदलायचे असेल तर नाव घेऊन सांगता येईल असे कारण हवे: गंभीर दुखापत, खेळण्याच्या जागेतील बदल, शरीराची अचानक झालेली वाढ किंवा अधिक कठीण लीगमध्ये प्रवेश.

२०२५ च्या ड्राफ्टमधील जेम्स हेगन्सचे उदाहरण मला आजही खटकते. २०२४ च्या १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याने सात सामन्यांत २२ गुण मिळवले आणि निकिता कुचेरोवचा २०११ मधील २१ गुणांचा विक्रम मोडला. (हॉकीत गोल आणि गोलसाहाय्य या दोन्हींचा प्रत्येकी एक गुण धरतात.) त्यानंतर तो बॉस्टन कॉलेजमध्ये, विशी ओलांडलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध खेळला आणि ३७ सामन्यांत ३७ गुण मिळवून हंगाम संपवला. हंगामाच्या सुरुवातीला अनेक याद्यांत पहिला असलेला हा सेंटर (आघाडीच्या फळीत मध्यभागी खेळणारा खेळाडू) प्रत्यक्ष निवडीत सातव्या क्रमांकावर गेला. त्याच्या खेळात काय बिघडले, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याही फेरक्रमवारीत सापडले नाही. तो अपेक्षेइतका चमकला नाही, एवढेच सर्वत्र लिहिलेले होते. अधिक कठीण पायरीवर चढलेल्या मुलाला त्या पायरीवर कमी गुण मिळाले म्हणून खाली आणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद : हा निकष शेफरला कसा लावणार?

प्रस्तावातील चार कारणे वाचली, आणि ज्याचा उदय त्या चारही कारणांत बसत नाही असा खेळाडू त्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ओएचएल (ऑन्टॅरिओ हॉकी लीग) या ज्युनियर खेळाडूंच्या लीगमधील एरी ऑटर्स संघाचा बचावपटू मॅथ्यू शेफर हंगामाच्या सुरुवातीला आजारी होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत लाटव्हियाविरुद्ध खेळताना त्याचे गळपट्टीचे हाड (कॉलरबोन) मोडले, त्यामुळे त्याला लीगचे केवळ १७ सामने खेळता आले. त्यांत त्याने २२ गुण मिळवले. तेवढ्या खेळावर तो यादीच्या शिखरावर गेला आणि दुखापतीनंतरही तिथेच राहिला. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला पहिला निवडला आणि ऑक्टोबरमध्ये तो थेट एनएचएलमध्ये उतरला.

धागाकर्त्यांच्या नियमाने चालायचे तर १७ सामने हा पुरावाच नव्हे. पण ते सामने ज्यांनी पाहिले त्यांना गुणसंख्येपेक्षा वेगळे काही दिसत होते. स्वतःच्या क्षेत्रात चकती ताब्यात घेऊन, दोन पावलांत दबावातून सुटून, पूर्ण वेगाने प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात शिरणारा बचावपटू दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा तीच गोष्ट करून दाखवतो. अशा कौशल्याचा नमुना गोलांच्या नमुन्यापेक्षा फार लवकर पुरेसा होतो, आणि म्हणून सामन्यांची संख्या मोजताना आपण काय पाहत आहोत हेही विचारले पाहिजे.

दुसरे असे की हेगन्सला कोणी शिक्षा केली नाही. क्रमवारी सापेक्ष असते. मायकल मिसाने ओएचएलमध्येच सॅगिनॉकडून ६५ सामन्यांत १३४ गुण केले, तो वर गेला. आंतोन फ्रोंडेल गुडघ्याच्या दुखापतीतून परतला आणि स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये प्रौढ खेळाडूंविरुद्ध खेळून तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. इतर पुढे गेले, तर जागेवर थांबलेला खाली दिसणारच.

प्रतिसाद : आधी जन्मतारीख पाहा

वरील दोन्ही मतांत एक गोष्ट सुटली आहे. शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा, म्हणजे पात्रतेच्या मुदतीच्या अवघे दहा दिवस आधीचा. हेगन्सचा ३ नोव्हेंबर २००६ चा. एकाच ड्राफ्टमधील या दोघांत दहा महिन्यांचे अंतर आहे, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी दहा महिने म्हणजे ताकद, उंची आणि अनुभव यांचा एक संपूर्ण हंगाम होय. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ ला जन्मला, दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, त्याने पुढचे वर्ष झुरिचच्या व्यावसायिक संघात काढले आणि २०१६ मध्ये तो पहिला निवडला गेला. दोन दिवस आधी जन्मला असता तर त्याला २०१५ मध्ये पहिले दोन निवडले गेलेले कॉनर मॅक्डेव्हिड आणि जॅक आयकेल यांच्याच यादीत मोजले गेले असते.

या विषयावर गंभीर संशोधनही झालेले आहे. १९८० ते २००६ या काळातील निवडींचा अभ्यास २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांच्या तुलनेत जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक जागा उशिरा निवडले गेले, असे त्यात आढळले. म्हणून फेरक्रमवारी करायचीच असेल तर पहिली दुरुस्ती वयाची असावी, आणि तसे केले तर शेफरचा उदय आणि हेगन्सची घसरण या दोन्हींचे समर्थन होते.

उपप्रतिसाद : त्याच अभ्यासातून उलट निष्कर्ष निघतो

अभ्यासाचा उल्लेख योग्य आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य करता येत नाही. येथे दोन वेगळी वये एकमेकांत मिसळली गेली आहेत.

कॅनडा आणि अमेरिकेतील बालहॉकीत वयोगट साधारणपणे १ जानेवारीपासून मोजले जातात. जानेवारीत जन्मलेला मुलगा आपल्या गटात सर्वांत थोराड असतो, त्यामुळे त्याला चांगला संघ, चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर अधिक वेळ मिळतो; नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्याला तेच झगडून मिळवावे लागते. त्या अभ्यासात चौथ्या तिमाहीत जन्मलेल्यांचेही अवमूल्यन झालेले दिसते, आणि ही मुले ड्राफ्टच्या दिवशी मात्र यादीतील सर्वांत मोठ्यांपैकी असतात, कारण १५ सप्टेंबरच्या रेषेमुळे त्यांना एक वर्ष थांबावे लागलेले असते. हेगन्स नेमका या गटातला आहे. तेव्हा या संशोधनाच्या आधारे बोलायचे तर शेफर आणि हेगन्स दोघांनाही वर सरकवावे लागेल, आणि खाली यायला हवीत ती जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली, लहानपणापासून शरीराच्या जोरावर पुढे राहिलेली मुले. जन्मतारीख हा अत्यंत मोलाचा पुरावा आहे, म्हणूनच तो कोणत्या प्रश्नाचा पुरावा आहे हे तपासल्याशिवाय वापरू नये.

शिवाय ही दुरुस्ती हंगामाच्या आरंभीच करता येते. जन्मतारीख जानेवारीत बदलत नाही. मग मध्यावधी फेरबदलाचे ते कारण कसे होईल?

प्रतिसाद : छोट्या स्पर्धांचे वजन कमी करावे

धागाकर्त्यांच्या बाजूने एक उदाहरण देतो. २०२२ मध्ये शेन राइट जवळजवळ वर्षभर पहिला मानला जात होता. त्याआधीच्या वर्षी कोविडमुळे ओएचएलचा हंगामच झाला नव्हता, तरी त्या लीगमधील किंग्स्टन संघाकडून परतल्यावर त्याने ६३ सामन्यांत ९४ गुण केले. दुसरीकडे युराय स्लाफ्कोव्स्कीने फिनलंडच्या लीगमध्ये ३१ सामन्यांत १० गुण मिळवले होते. पण बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने सात सामन्यांत सात गोल केले, स्लोव्हाकियाला कांस्यपदक मिळाले, तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मॉन्ट्रियलने त्याला पहिला निवडला. त्या ऑलिंपिकमध्ये एनएचएलचे खेळाडू नव्हते, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडली. राइट चौथ्या क्रमांकापर्यंत थांबला.

गोलरक्षकांबाबत तर अशी यादी बनवणेच मला व्यर्थ वाटते. पुढे एनएचएलमधील सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा निवडला गेला होता.

उपप्रतिसाद : मग पुढे काय झाले तेही पाहू

२०२४-२५ च्या हंगामात स्लाफ्कोव्स्कीने ५१ गुण मिळवले आणि राइटने ४४. जुन्या यादीला चिकटून राहिल्याने काही मोठा लाभ झाला असता असे यातून दिसत नाही. त्याच हंगामात, २०२२ च्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या लोगन कूलीने ६५ गुण केले. पहिल्या जागेसाठी राइट की स्लाफ्कोव्स्की हा वाद रंगला होता, तेव्हा कूलीकडे पुरेसे लक्ष गेले नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तसेच स्लाफ्कोव्स्कीचे १० गुण ज्युनियर लीगमधील ९४ गुणांशेजारी ठेवणे योग्य नाही. युरोपातील वरिष्ठ संघांत सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला अनेकदा चौथ्या फळीत मोजकी मिनिटे मिळतात आणि समोर तीस वर्षांचे व्यावसायिक खेळाडू असतात. लीगनिहाय गुणांचे रूपांतर करणारी गणिते उपलब्ध आहेत, पण बर्फावरील मिनिटांचा हिशेब त्यांत धरला नाही तर तीही फसतात. २०१७ चा केल मकार आठवावा. तो अल्बर्टाच्या कनिष्ठ दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता, त्याच्या गुणांना अनेक जण किंमत द्यायला तयार नव्हते, आणि कोलोरॅडोने त्याला चौथा निवडला. २०२२ मध्ये त्याने नॉरिस (सर्वोत्तम बचावपटू) आणि कॉन स्मिथ (बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडू) ही दोन्ही पारितोषिके जिंकली. २०१७ च्या त्याच ड्राफ्टआधी बराच काळ पहिला मानला गेलेला नोलन पॅट्रिक आधीच्या हंगामात १०२ गुण करून आला होता. दुखापतींमुळे ड्राफ्टच्या हंगामात तो ३३ सामनेच खेळला, तरी सेंट्रल स्काउटिंगच्या अंतिम यादीत निको हिशियरच्या वरच राहिला. न्यू जर्सीने हिशियरला निवडले, आणि तो आज त्या संघाचा कर्णधार आहे. तेथे यादी हलवण्यात दिरंगाई झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

शेफरविषयीचा मुद्दा वजनदार आहे. वारंवार दिसणारे कौशल्य आणि क्वचित घडणारा गोल यांतील फरक माझ्या चार कारणांत जोडला पाहिजे, आणि तो जोडल्याने माझी भूमिका अधिक पक्की होते, कारण महिन्याकाठी होणारे बहुतेक फेरबदल गोलांवरच बेतलेले असतात. पॅट्रिकच्या बाबतीत दुखापत हे नाव घेता येईल असे कारण होते, तेव्हा ते उदाहरण माझ्या नियमात बसते. हेगन्ससंबंधी मात्र इतर पुढे गेले या उत्तराने माझे समाधान झालेले नाही. दुसरा ते सहावा यांत प्रत्येक पायरीवर एका संघाने त्याच्याऐवजी कोणाला तरी घेतले, आणि सातव्या क्रमांकाच्या बॉस्टन ब्रुइन्स संघापर्यंत तो पोहोचला तेव्हा त्याच्या खेळातील नेमकी उणीव कोणी लिहून दाखवली नव्हती.

यावर मला सुचणारा उपाय म्हणजे क्रमांकांऐवजी गट करावेत. पहिल्या गटात तीन-चार नावे, दुसऱ्यात सहा-सात, आणि एका गटातून दुसऱ्यात नेताना लेखी कारण द्यावे.

उपप्रतिसाद : गट करून जबाबदारी टळते

गटांची कल्पना वाचकांना सोयीची आहे, पण जुलै २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या व्यासपीठावर एकच नाव उच्चारावे लागले. ज्याला निवडायचे आहे त्याला राइट, कूली आणि स्लाफ्कोव्स्की एकाच गटात आहेत हे सांगून काहीही मदत होत नाही, आणि यादी करणाराही पुढे आपल्या मताचा हिशेब देण्यातून सुटतो. लेखी कारणाची अट मात्र मला पूर्ण मान्य आहे. क्रमांक ठेवावेत, हवे तेव्हा हलवावेत, परंतु सप्टेंबरची, जानेवारीची आणि एप्रिलची यादी शेजारी-शेजारी छापून प्रत्येक हललेल्या नावापुढे किती सामने पाहिले, कोणत्या लीगमध्ये आणि काय नवे दिसले, हे तीन रकाने भरावेत. हेगन्सच्या नावापुढे तिसरा रकाना रिकामा राहिला असता तर त्याला खाली नेणाऱ्यांना तो निर्णय पुन्हा तपासावा लागला असता.