मेट्रो स्टेशनपासून ३५० मीटर, समोरचा रस्ता ९ मीटर. बिल्डर म्हणतो ‘चार एफएसआय’ (भूखंडाच्या चौपट बांधकाम). खरंच मिळतो का?

सोसायटी_सचिव_कोथरूड

नमस्कार मंडळी. वनाज–रामवाडी मार्गावरच्या आयडियल कॉलनी स्टेशनपासून साधारण ३५० मीटरवर आमची सोसायटी आहे. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र १,२०० चौ.मी. आहे, रस्त्याकडची रुंदी २४ मीटर आणि खोली ५० मीटर. इमारत १९८९ ची, पार्किंग अधिक चार मजले, २८ सदनिका. मंजूर बांधकाम जवळपास १,२०० चौ.मी. आणि प्रत्येकाचं कार्पेट (घरातलं वापराचं क्षेत्र) सरासरी ३६ चौ.मी. समोरचा रस्ता ९ मीटरचा.

दोन बिल्डरांकडून प्रस्ताव आले आहेत. एक जण ४० टक्के जादा कार्पेट देतो म्हणतो. दुसरा ६५ टक्के देतो, का तर ‘तुम्ही टीओडी झोनमध्ये आहात, चार एफएसआय मिळणार’. सभासदांचा कल अर्थातच दुसऱ्याकडे. प्रश्न तीन:

१. टीओडीचा (म्हणजे मेट्रो स्टेशनजवळ जास्त बांधकाम देणाऱ्या तरतुदीचा) चार एफएसआय आमच्या प्लॉटला लागू होतो का?
२. नसेल तर ४० टक्के तरी वास्तवात बसतात का?
३. ठरावापासून घर रिकामं करेपर्यंतचा क्रम काय असावा, आणि लोक नेमके कुठे फसतात?

नकाशा_आणि_टेप

सचिवसाहेब, अंतर ३५० मीटर असल्याने तुम्ही स्टेशनभोवतीच्या ५०० मीटरच्या वर्तुळात आहात, एवढं बरोबर. पण वर्तुळात असणं ही पहिली पायरी झाली. किती एफएसआय मिळणार हे रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचं क्षेत्र या दोन्हींवर ठरतं, आणि त्यात जे कमी भरेल ते धरतात. चार हा कमाल आकडा सर्वांत रुंद रस्त्यांवरच्या मोठ्या भूखंडांसाठी आहे. ९ मीटरच्या गल्लीत १,२०० चौ.मी.च्या प्लॉटला तो मिळत नाही. तेव्हा ६५ टक्क्यांचा प्रस्ताव बाजूला ठेवा, किंवा त्या बिल्डरला टीओडी नियमांच्या कोष्टकातली नेमकी ओळ आणि कलम लेखी द्यायला सांगा.

आता दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब. यूडीसीपीआरच्या (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीच्या) साध्या तरतुदीत, दाट वस्तीबाहेर, ९ ते १२ मीटर रस्त्यावर मूळ १.१०, प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा) ०.५० आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले विकास हक्क) ०.४० मिळून २.०० होतो. (९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर प्रीमियम शून्य आणि टीडीआरही शून्य, फक्त १.१०. म्हणून तुमचा रस्ता पूर्ण ९ आहे की ८.७, हे सगळ्यात आधी बघा.)

१,२०० × २ = २,४०० चौ.मी.

इमारत ३० वर्षांवरची असल्याने पुनर्विकासाचा प्रोत्साहनपर एफएसआयही मिळतो: मंजूर बांधकामाच्या ३० टक्के किंवा दर सदनिकेमागे १५ चौ.मी., यांत जे जास्त ते. तुमच्याकडे ३० टक्के म्हणजे ३६०, आणि २८ × १५ म्हणजे ४२०. तुम्हाला ४२० मिळतील. लहान घरं जास्त असलेल्या सोसायट्यांना दुसरा मार्ग फायद्याचा पडतो, आणि बरेच प्रस्ताव सरळ ३० टक्के लावून मोकळे होतात. तपासून घ्या.

एकूण २,८२०. त्यावर निवासीसाठी ६० टक्के अ‍ॅन्सिलरी (जिने, बाल्कन्या वगैरेंसाठीचा जादा एफएसआय) धरला की सुमारे ४,५१२ चौ.मी. हे पी-लाइनचं क्षेत्र आहे, म्हणजे भिंती, जिने, बाल्कन्या सगळं धरून. त्यातून प्रत्यक्ष कार्पेट ७० ते ७५ टक्के हाती लागतं. ३,२०० चौ.मी. समजा. तुमचं सध्याचं कार्पेट १,००८. ४० टक्के वाढवून १,४११. विक्रीला उरतात साधारण १,८००. बांधकाम, प्रीमियम, टीडीआर, भाडं, कॉर्पस (सभासदांना द्यायचा निधी) हे सगळं त्या १,८०० मधून निघायचं. कोथरूडच्या विक्रीदरात ४० टक्के अशक्य नाहीत, पण ताणलेले आहेत. प्रस्तावाची खरी परीक्षा हीच: टीओडीचं नावही न काढता तो साध्या तरतुदीवर टिकतो का?

आणि समजा उद्या कुणी चार एफएसआय आणून दिला, तरी तो तुमच्या जागेवर उभा राहणार नाही. बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द यांमधली मोकळी जागा) इमारतीच्या उंचीच्या एक पंचमांश ठेवावं लागतं, कमाल १२ मीटर. तुमची रुंदी २४. राहते मजले दहा धरले तर उंची ३० मीटर, दोन्ही बाजूंना ६-६ मीटर सोडून मध्ये १२ मीटर रुंद इमारत. समोर साडेचार आणि मागे सहा सोडले तर खोली ३९.५. मजल्याला ४७४ चौ.मी. मिळतात, म्हणजे ४,५१२ जेमतेम बसतात. पार्किंगच्या मजल्यांमुळे थोडी ओढाताण होईल, पण जमेल.

आता चारचा हिशेब, माहितीपत्रकं करतात तसा: ४,८०० अधिक ६० टक्के, ७,६८० चौ.मी. त्याच तळावर सोळा-सतरा मजले, उंची ५० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१० मीटर. मध्ये उरली ४ मीटरची पट्टी. तिथे जिना आणि लिफ्ट बसेल, घर बसणार नाही. सामासिक अंतरात आयुक्तांकडून सवलत मिळू शकते, पण अग्निशमनाची गाडी फिरायला लागणारा ६ मीटरचा रस्ता कुणी सोडत नाही. कागदावरचा एफएसआय आणि जागेवर बसणारा एफएसआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर्किटेक्टकडून आकडे मागू नका, मजल्याचा नकाशा मागा.

उपनिबंधक_वाट_पाहा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्याआधी एक खात्री करा: तुम्ही सहकारी गृहनिर्माण संस्था आहात की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची ‘अपार्टमेंट’? पुण्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात आणि सगळ्यांनाच सोसायटी म्हणायची पद्धत आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची ४ जुलै २०१९ ची कार्यपद्धती फक्त सहकारी संस्थांना लागू आहे. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशनपासून (अपार्टमेंटच्या नोंदणीकृत घोषणापत्रापासून) वेगळा विचार करावा लागतो.

सोसायटी असेल तर आधी जमीन. मिळकत पत्रिकेवर संस्थेचं नाव लागलंय का? नसेल तर मोफा (सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरण (मूळ बिल्डरच्या सहीशिवाय जमीन संस्थेच्या नावावर करणं) आधी करून घ्या. बिल्डर ‘ते मी करून देतो’ म्हणतो तेव्हा सोसायटीच्या हातातली सगळ्यात मोठी ताकद त्याच्याकडे जाते. त्यानंतर सिटी सर्व्हेची मोजणी आणि महापालिकेचा झोन दाखला. मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि जागेवरची मोजणी यांत फरक निघाला तर बहुधा सगळ्यात कमी क्षेत्र धरूनच नकाशा मंजूर होतो.

मग सभा. किमान एक पंचमांश सभासदांची लेखी मागणी, १४ दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश गणपूर्ती. या सभेत बिल्डर निवडायचा नसतो. पुनर्विकास करायचा की नाही हे ठरवून आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा असतो. सल्लागार व्यवहार्यता अहवाल देतो, तो सगळ्या सभासदांना वाटायचा, हरकती-सूचना घ्यायच्या, मग निविदा. बिल्डर निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी आणि चित्रीकरण लागतं, आणि एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची मंजुरी. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. २८ पैकी १५. तुमच्याकडे दोन प्रस्ताव आधीच आलेत. निविदेआधी कुणाच्याही इरादापत्रावर सही करू नका.

फसायच्या जागा:

कार्पेट. करारात ‘रेरा कार्पेट’ स्पष्ट लिहा, सदनिकानिहाय, चौरस मीटरमध्ये, नकाशा जोडून. बाल्कनी रेरा कार्पेटमध्ये येत नाही. ‘४० टक्के’ म्हणताना अनेकदा बाल्कनी, कोरडी बाल्कनी आणि कपाटाचे कोनाडे धरलेले असतात. तेवढं काढलं की २५-२८ उरतात.

बँक हमी. कार्यपद्धतीत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के हमी सांगितली आहे. बिल्डर घासाघीस करतात. टप्प्याटप्प्याने कमी होणारी हमी एकवेळ मान्य करा, पण शेवटचा टप्पा भोगवटा पत्र मिळेपर्यंत सोडू नका.

तारण. जमीन आणि सभासदांच्या सदनिका बँकेकडे गहाण ठेवायचा अधिकार कुलमुखत्यारपत्रातून वगळा. कर्ज काढायचं असेल तर विक्रीच्या सदनिकांवर.

घर रिकामं करणं. मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, नोंदणीकृत विकसन करार, प्रत्येक सभासदाचा पर्यायी घराचा करार आणि भाड्याचे आगाऊ धनादेश हातात आल्याशिवाय चावी देऊ नका. ‘पाडलं की दाखला लवकर मिळतो’ हे ऐकू नका. पाडल्यावर वाटाघाटीचं बळ संपतं.

मुद्रांक शुल्क. विकसन करारावर शुल्क भरलं असेल तर जुन्या सभासदाच्या पर्यायी घराच्या करारावर त्याच घरासाठी पुन्हा पूर्ण शुल्क लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. स्वतः पैसे देऊन जादा विकत घेतलेल्या क्षेत्रावर मात्र लागतं, आणि पुण्यात त्यात १ टक्का मेट्रोचा अधिभार आहे.

सोसायटी_सचिव_कोथरूड

मनापासून आभार. संस्था सहकारीच आहे, मानीव अभिहस्तांतरण झालंय. आमच्या लगत तेवढ्याच आकाराची दुसरी सोसायटी आहे, १९९१ ची. दोघांनी एकत्र केलं तर?

नकाशा_आणि_टेप

तांत्रिकदृष्ट्या फायदा मोठा. रुंदी ४८ झाली की मधली सामासिक अंतरं वाचतात: ५० मीटर उंचीला दोन्ही बाजू सोडून २८ मीटर उरतात, जिथे एकट्याला ४ उरत होते. पार्किंगचा उतार एकच लागतो. त्यांचा प्लॉट मागच्या बाजूने रुंद रस्त्याला लागत असेल तर एफएसआयचं कोष्टकच बदलतं, मग मात्र टीओडीचा हिशेब नव्याने मांडा आणि साध्या तरतुदीशी तुलना करा. टीओडीत सदनिकांच्या आकारावर मर्यादा आहेत, मोठी घरं विकून पैसा काढायचं बिल्डरचं गणित तिथे अडतं.

अडचणी माणसांच्या आहेत. दोन्ही संस्थांना ७९अ ची प्रक्रिया स्वतंत्रपणे पार पाडावी लागते. एकीच्या मालकीत दोष निघाला तर दोघी अडकतात. आणि वाटप कशावर: भूखंडाच्या क्षेत्रावर की सध्याच्या कार्पेटवर? प्लॉट सारखे असले तरी सदनिका २८ आणि १६ असतील तर याच प्रश्नावर बोलणी मोडतात. बिल्डर बोलावण्याआधी हे सूत्र दोन्ही कमिट्यांनी लिहून ठेवा.

पायी_चालणारी

सगळी चर्चा एफएसआयवर चालली आहे. टीओडी ज्यासाठी आहे ते राहून जातंय, आणि ते तुमच्या नकाशात पहिल्या दिवशी यायला हवं.

स्टेशनजवळ जास्त बांधकाम देण्यामागचा हेतू लोकांनी चालत स्टेशनला जावं हा आहे. म्हणून टीओडीत रस्त्याकडच्या बाजूला कुंपणभिंत बांधता येत नाही आणि समोरच्या सामासिक अंतराचा काही भाग पादचाऱ्यांसाठी खुला ठेवावा लागतो. सोसायटीच्या लोकांना हे शेवटी कळतं आणि मग फाटकावरून भांडणं होतात. सुरक्षा हवी असेल तर ती इमारतीच्या दारापाशी आणा: प्रवेश कक्ष, मागच्या बाजूचं कुंपण, पार्किंगच्या उताराला वेगळं फाटक.

टीओडी नाही घेतलं तरी हे करा. मोटारींचा उतार रस्त्याच्या एका टोकाला घ्या आणि एकच ठेवा. २४ मीटरच्या दर्शनी बाजूला आत आणि बाहेर अशी दोन फाटकं केली की पदपथ दोनदा खाली उतरतो. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, काठी घेऊन चालणारे आजोबा सगळे रस्त्यावर उतरतात. पदपथाची अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ट्रान्सफॉर्मर आणि गॅसचा मीटर-कक्ष प्लॉटच्या आतच बसवा. वीज कंपनीचा डबा सवयीने पदपथावर येतो आणि ती १.८ मीटर तिथेच संपते. हे सगळं विकसन कराराच्या तांत्रिक परिशिष्टात घाला. बिल्डरला खर्च नगण्य आहे, फक्त वेळेवर सांगावं लागतं.

कसबा_पेठ

आमचा वाडा कसबा पेठ स्टेशनजवळ आहे. वरचा हिशेब आम्हाला लागू होतो का?

नकाशा_आणि_टेप

नाही, पेठांची कोष्टकं वेगळी आहेत. आणि तुमच्यासाठी पहिला प्रश्न एफएसआयचा नाहीच. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम प्रतिबंधित. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. अंतर तटबंदीपासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीपासून मोजतात, तेव्हा त्या हद्दीचा नकाशा मागवा. स्टेशन आणि बोगदा भुयारी असल्याने पाया खोदायला मेट्रोची ना हरकतही घ्यावी लागेल. तळघर दोन मजली काढायचं मनात असेल तर आर्किटेक्टच्या आधी भू-तांत्रिक सल्लागार गाठा. वाड्यात भाडेकरू असतील तर त्यांची यादी, पावत्या आणि प्रत्येकाचं ताब्यातलं क्षेत्र आत्ताच पक्कं करून घ्या.

उपनिबंधक_वाट_पाहा

सचिवसाहेब, एक राहिलं. व्यवहार्यता अहवालात विकास शुल्काचा आकडा तपासा. मेट्रोसारख्या प्रकल्पांमुळे हे शुल्क नगररचना कायद्याच्या कलम १२४ब खाली दुप्पट आकारलं जातं. जुन्या नमुन्यावरून केलेल्या अहवालात ते एकपटच धरलेलं असतं, आणि कराराच्या शेवटच्या बैठकीत ‘खर्च वाढला’ म्हणून तुमच्या कार्पेटमधून कापलं जातं.