मदत हवी आहे: आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण जास्त जगताहेत, मग मृत्युदर तेवढा का नाही घटला?

निळी_शाई

मंडळी, आकडेवारीवर एक लेख लिहायला घेतलाय आणि नॉर्वेपाशी गाडं अडलंय. संख्याशास्त्र किंवा ऑन्कॉलॉजीतलं कुणी असेल तर जरा हात द्या.

नॉर्वेच घेतलं, कारण तिथे कॅन्सरचं निदान झालं की राष्ट्रीय नोंदणीला कळवणं १९५० च्या दशकापासून बंधनकारक आहे. शिवाय प्रत्येकाच्या ओळख क्रमांकामुळे मृत्यूची नोंदही जोडली जाते. म्हणजे एखाद्या नावाजलेल्या हॉस्पिटलमधले निवडक रुग्ण नव्हेत, अख्खा देश.

तर १९६०-७० च्या सुमारास निदानानंतर पाच वर्षं निम्मे रुग्णही काढत नव्हते. आता दोन-तृतीयांश काढतात. जगण्याच्या प्रमाणात गुदाशयाचा (आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा) कॅन्सर पूर्वी कोलनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या बाकी भागाच्या, मागे असायचा, तोही बरोबरीला आलाय. पण लोकसंख्येतला मृत्युदर काही त्या मानाने खाली आलेला नाही.

पहिली शंका अर्थातच लवकर निदानाची. समजा एकाचा मृत्यू ७१ व्या वर्षी व्हायचाच आहे. निदान ६७ ला झालं तर तो 'पाच वर्षं न जगलेला', ६४ ला झालं तर 'जगलेला'. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, टक्केवारी मात्र सुधारली! पण तिथली देशव्यापी तपासणी मोहीम सुरू झाली २०२२ मध्ये, सुधारणा त्याच्या कितीतरी आधीची. मग हे कशामुळे?

आणि एक, तक्त्यांत 'सापेक्ष' प्रमाण असतं ते नक्की कशाच्या सापेक्ष?

कोरडवाहू

शेवटचं आधी. त्याच वयाची, त्याच लिंगाची सर्वसाधारण माणसं जितकी जगतात त्याच्याशी तुलना. ऐंशीच्या माणसाला हृदयविकारानेही मरण येऊ शकतं, त्याचा दोष कॅन्सरवर जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

मृत्युदराचं कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. नवे रुग्ण किती, ते तुम्ही पाहिलंच नाहीये. १९५० च्या दशकापासून तिथे या कॅन्सरचं वयानुरूप प्रमाण (लोकसंख्या म्हातारी होण्याचा परिणाम वगळून) जवळपास तिप्पट झालं, जगात सर्वाधिक असलेल्या देशांत नॉर्वे मोडतो. जगण्याचं प्रमाण रुग्णांमध्ये मोजतात, मृत्युदर सगळ्या लोकसंख्येत. रोगच वाढला तर उपचारांची कमाई त्यात जिरून जाते. त्यामुळे तीन रेषा एकाच आलेखावर काढा: नवे रुग्ण, मृत्यू, जगण्याचं प्रमाण. नुसत्या तिसऱ्या रेषेवर कुणी पाठ थोपटून घेत असेल तर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सर्जरीवाला

गुदाशयाबद्दल सांगतो. पूर्वी गाठ काढली तरी ती त्याच जागी परत यायची. बिल हील्ड या ब्रिटिश सर्जननी १९८२ मध्ये मांडलं की गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण न फाटता अख्खंच्या अख्खं बाहेर यायला हवं, कारण कॅन्सरच्या पेशी त्यातच मागे राहतात. नॉर्वेने १९९३ पासून देशभरातल्या सर्जनना हे शिकवलं, शस्त्रक्रिया कमी हॉस्पिटलांत एकवटल्या आणि प्रत्येक हॉस्पिटलला त्याचे निकाल कळवले. परत उद्भवण्याचं प्रमाण चांगलंच घसरलं. ही खरी कमाई, घड्याळाचा खेळ नाही.

स्टेजनिहाय, म्हणजे रोग किती पसरलाय त्यानुसारच्या, आकड्यांपासून मात्र सावध राहा. स्कॅन सुधारले की कॅन्सर यकृतात पसरल्याचे बारीक डागही दिसतात आणि रुग्ण तिसऱ्या स्टेजमधून चौथ्यात जातो. तिसरीतला सर्वात वाईट गेला, चौथीत तुलनेने बरा आला. दोन्हींचे आकडे सुधारले, माणूस तोच.

निळी_शाई

दोघांचेही आभार, तीन रेषांचा आलेख करतेच. वयोगटही वेगळे काढावेत का? ७५ च्या पुढच्यांचे बरेच मृत्यू पहिल्याच वर्षात दिसताहेत.

कोरडवाहू

काढाच. आतडं अडून तातडीत दाखल झालेले, शस्त्रक्रिया न झेपलेले, हे सगळे तिथेच सापडतील. 'नॉर्डकॅन' या नॉर्डिक देशांच्या कॅन्सर आकडेवारीच्या संकेतस्थळावर एक वर्ष आणि पाच वर्षं, दोन्ही प्रमाणं वयोगटानुसार मिळतात.