एसएफटीपीने डाउनलोड १.३ एमबीवर अडकतंय, लाइन मात्र २०० एमबीपीएसची

संत्रानगरी_जीआयएस
ऑफिस धरमपेठेत, २०० एमबीपीएस फायबर, पीसी लॅन केबलवर. क्लायंटचा लिनक्स सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला आहे, एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर सुरक्षित प्रवेश) आहे, त्यावरूनच एसएफटीपीने फाइली येतात. फाइलझिला या प्रोग्राममधून ३८ जीबीची एक टिफ (चित्राची फाइल) उतरवतोय, स्पीड सेकंदाला १.३ एमबी. नकाशाच्या टाइल्सचा फोल्डर (६० हजारांच्या आसपास पीएनजी, प्रत्येकी १५-२० केबी) त्याहून रखडतो. स्पीड टेस्ट १९० दाखवते. मुंबईच्या सर्व्हरवरून हाच प्रोग्राम २० एमबी देतो. व्हर्जिनियाचा पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) २४० मिलिसेकंद. काऊन असं?

लाइनमॅन_४४
इंटरनेटवाला दाबत असेल. कनेक्शन बदला.

बर्डीवाला_नेटवर्क
काही बदलू नका भाऊ. मुंबईहून २० एमबी येतंय म्हणजे केबल, राउटर, डिस्क सगळं ठीक. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते, तिच्यावरून अमेरिकेचा अंदाज येत नाही.

आधी ट्रान्सफर मेनूतलं स्पीड लिमिट्स बंद आहे ना, तेवढं बघा. बंद असेल तर कारण तुमच्याच आकड्यांत आहे. १.३ एमबी गुणिले ०.२४ सेकंद, म्हणजे सुमारे ३१० केबी. एका कनेक्शनवर पोच येण्याआधी एवढाच डेटा वाटेत असतो, मग पुढचा पाठवायला सर्व्हर थांबतो. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी. ती लाइन भरायला एका वेळी ६ एमबी वाटेत हवा. पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवत असतील तर वेग आणखी कमी होतो. एमटीआर (वाटेतला प्रत्येक टप्पा तपासणारं टूल) चालवून बघा, पण मधल्या हॉपवरचा, म्हणजे टप्प्यावरचा, पॅकेट लॉस शेवटच्या हॉपपर्यंत जात नसेल तर तो सोडून द्या.

फाइलझिलात एकाच वेळच्या ट्रान्सफरची संख्या २ वरून १० पर्यंत वाढवता येते, पण एका फाइलचे तुकडे तो करत नाही, त्यामुळे टिफला उपयोग शून्य. त्यासाठी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधलं लिनक्स) एलएफटीपी हा डाउनलोड प्रोग्राम टाका आणि त्याच्या पीगेट कमांडला -एन ८ द्या. आठ कनेक्शनवर आठ तुकडे येतील. सध्याच्या वेगाने ३८ जीबीला आठ तासांवर जातात. ९ एमबी मिळाला तर सव्वा तासाच्या आत काम होईल.

सर्व्हर क्लायंटच्या हाती असेल तर त्यांना टीसीपीचं कंजेशन कंट्रोल (डेटा किती वेगाने सोडायचा ते ठरवणारी पद्धत) बीबीआर करायला सांगा (लिनक्स ४.९ पासून आहे). हे पाठवणाऱ्या बाजूलाच करावं लागतं, तुमच्या पीसीवर करून फरक पडणार नाही.

टारवाले_काका
टाइल्सचं दुखणं वेगळं आहे. तिथे फाइल उघड, वाच, बंद कर, अशा प्रत्येकीला तीन-चार फेऱ्या होतात. २४० मिलिसेकंदाने धरा तर फाइलमागे जवळजवळ एक सेकंद. ६० हजार फाइली म्हणजे एका कनेक्शनवर सोळा तास! दहा एकदम चालवल्या तरी दीड-पावणेदोन तास. सर्व्हरवरच टार (अनेक फाइली एकत्र बांधणारी कमांड) सीएफ पर्यायाने चालवून सगळ्यांची एक फाइल बनवा आणि तीच पीगेटने आणा. दाबायचा झेड पर्याय लावू नका, पीएनजी आधीच दाबलेली असते, सीपीयू फुकट घासतो. सर्व्हरवर जागा नसेल तर टारचं आउटपुट एसएसएचच्या पाइपमधून थेट इकडच्या टारला द्या, पण विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून नको, ५.१ चा पाइप बायनरी डेटा खराब करतो.

संत्रानगरी_जीआयएस
पीगेट आठवर ९ एमबीच्या पुढे गेलं, धन्यवाद. सोळा केले तर मधूनच कनेक्शन तुटतं. आणि फाइल सुरुवातीलाच ३८ जीबी दिसते, ती पूर्ण समजायची का?

बर्डीवाला_नेटवर्क
तुटण्याचं कारण बहुधा ओपनएसएसएचची (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) मॅक्सस्टार्टअप्स मर्यादा. लॉगिन पूर्ण न झालेली दहा कनेक्शनं झाली की तो पुढची काही नाकारायला लागतो. आठवरच राहा, फेल-टू-बॅन (संशयास्पद आयपी अडवणारा प्रोग्राम) बसवलेलं असेल तर तुमचा आयपीच बंद होईल.

साइजवर जाऊ नका. पीगेट तुकडे आपापल्या जागी लिहितो, म्हणून शेवटचा तुकडा सुरू झाला की आकार पूर्ण दिसतो, मधे भोकं असली तरी. अर्धवट राहिलं तर -सी देऊन पुन्हा चालवा, शेजारची स्टेटस फाइल उडवू नका. संपल्यावर दोन्हीकडे फाइलचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून जुळवा, त्यासाठी विंडोजवर सर्टयूटिल कमांड आहेच.