अनुभव धागा: हातातला गेम पडद्यावर गेला तेव्हा

नमस्कार मंडळी,

'द लास्ट ऑफ अस' ही मालिका आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली. 'फॉलआउट' आणि 'आर्केन'ही पाहिल्या असतील. या सगळ्यांचं मूळ व्हिडिओ गेममध्ये आहे, आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंत ते गेम वर्षानुवर्षं खेळणारे आपल्याकडे कमी नाहीत. तुम्ही आधी खेळलात आणि मग पाहिलंत, किंवा उलट झालं, तर काय वाटलं ते इथे लिहा. "भारी होती" किंवा "गेमच बरा" एवढ्यावर सोडू नका. प्रसंग कुठला, बदललं काय, त्याने काय साधलं, काय गेलं, ते सांगा. कथा फोडल्याशिवाय हे बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना अजून पाहायचंय त्यांनी इथूनच परतावं.

सुरुवात मी करतो. टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या गेमपासून मी खेळत आलोय. 'द लास्ट ऑफ अस' २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर आला आणि त्यानंतर माझ्या आवडत्या गेमच्या यादीत पहिला नंबर बदललेला नाही. २०२३ च्या जानेवारीत मालिका आली तेव्हा मनात धाकधूक होती.

बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगात जोएल नावाचा माणूस एली या मुलीला घेऊन निघालेला असतो. गेममध्ये आपण बहुतेक वेळ त्याच्या पाठीमागे चालतो. तो जिथे जात नाही तिथे आपणही जाऊ शकत नाही. बिल नावाचा माणूस गेममध्ये भेटतो तो गावभर सापळे लावून बसलेला, एकटा आणि तिरसट. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला फक्त मेलेला सापडतो, सोबत एक कडवट चिठ्ठी. मालिकेच्या तिसऱ्या भागाने जोएलची पाठ सोडली आणि या दोघांचा सगळा संसार दाखवला. फ्रँकने बिलची एक बंदूक देऊन त्या बदल्यात स्ट्रॉबेरीचं बी मिळवलेलं असतं. पहिलं फळ तोंडात टाकल्यावर तो दाढीवाला, कुणावर विश्वास न ठेवणारा बिल लहान मुलासारखा खिदळतो. मी तो गाव खेळताना कोपरान् कोपरा धुंडाळला होता, पण हे मला गेममध्ये कधीच दिसलं नसतं, कारण जोएल तिथे नव्हता. मालिकेने मूळ चिठ्ठी बदलली म्हणून काही मित्र चिडले. मला तो भाग दोन्ही सीझनमधला सर्वांत चांगला वाटतो.

उलट इस्पितळ. गेमच्या शेवटी जोएल एलीला वाचवायला ऑपरेशनच्या खोलीत शिरतो, सर्जन हातात चाकू घेऊन समोर उभा असतो आणि आपण काही केल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. तुम्ही थांबून राहा, खोलीत फिरा, काहीही करा. अखेर ते तुम्हालाच करावं लागतं. मालिकेत जोएल गोळ्या झाडत जातो तेव्हा आवाज दबलेला आहे, वर संगीत आहे. चित्रण उत्तम आहे, पण ते जोएलने केलं. गेममध्ये ते मी केलं होतं. मालिका माझ्या हातून काही काढून घेत असेल तर त्या बदल्यात बिल-फ्रँकसारखं काहीतरी तिने द्यायला हवं, एवढीच माझी मागणी आहे.

हवेतून पसरणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंबद्दलही सांगतो. गेममध्ये तळघरात शिरलं की मास्क चढवावा लागायचा. पहिल्या सीझनने ते काढून जमिनीखाली पसरलेलं बुरशीचं जाळं आणलं, एका ठिकाणी पाय पडला की लांबचे संक्रमित जागे होतात. कल्पना चांगली आहे, नटांचे चेहरेही मोकळे राहतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांच्या कपाटातल्या चपला-पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते, त्या आपल्या लोकांना हवेतून येणारी बुरशीच जास्त खरी वाटणार. दुसऱ्या सीझनमध्ये बीजाणू परत आले तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता तुम्ही लिहा.

म्हापशाहून

दादा खेळायचा, मी बाजूला बसून बघायचे. कंट्रोलर मला कधी हवासा वाटला नाही. माझं काम वेगळं होतं. कुठल्या खणात कात्री राहिली, कुठल्या दाराआड क्लिकर, म्हणजे बुरशीने पुरता ग्रासलेला संक्रमित आहे, ते मी सांगायचे. क्लिकरला दिसत नाही, तो आवाजावर येतो, म्हणून तो खोलीत असला की आम्ही दोघंही कुजबुजत बोलायचो, जसं काही त्याला आमचं ऐकू जाणार होतं.

दादा आता पुण्याला असतो. मालिका आपल्याकडे सोमवारी सकाळी यायची, रात्री आम्ही फोनवर बोलत एकत्र बघायचो. गेमला संगीत देणारे गुस्ताव्हो सांताओलाया यांचंच संगीत मालिकेलाही आहे. तारांचे पहिले स्वर आले आणि पलीकडे दादा गप्प झाला.

मी आधीपासून बघणारीच, त्यामुळे माझ्या हातून काही गेलं असं मला वाटायला नको होतं. तरी जिराफांपाशी वाटलं. गेममध्ये कठड्याशी उभं राहून जिराफ हवा तितका वेळ बघता येतात. पुढे जायचं की नाही हे खेळणारा ठरवतो. दादा खूप वेळ हललाच नव्हता, मीही त्याला चल म्हटलं नव्हतं. मालिकेतही प्रसंग सुंदर आहे, पण कधी निघायचं ते दिग्दर्शकाने ठरवलं.

फोंड्याहून

'फॉलआउट'बद्दल कुणी लिहिणार नसेल तर मी लिहितो. २००८ मध्ये 'फॉलआउट ३' एक्सबॉक्ससाठी भारतात आलाच नाही, मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण दिलं होतं. अणुयुद्धानंतरच्या त्या जगात किरणोत्सर्गाने दोन डोकी झालेल्या गाई आहेत आणि त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात, कारण तेच असावं असं आम्ही सगळे धरून चाललो. बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांनी मला डिस्क बाहेरून आणून दिली.

२०२४ ची मालिका कुठल्याच गेमची गोष्ट सांगत नाही, हे तिचं सर्वांत मोठं शहाणपण. बॉम्ब २०७७ साली पडले, मालिका २२९६ मध्ये घडते. माणसं नवी, जग तेच. निळे-पिवळे कपडे, मनगटावरचा पिप-बॉय नावाचा संगणक, पैशांऐवजी बाटल्यांची बुचं. 'फॉलआउट'मध्ये प्रत्येकाचा नायक वेगळा असतो. माझा बोलून काम काढणारा होता, मित्राचा दिसेल त्याला गोळी घालणारा. त्यातला एक निवडून पडद्यावर आणला असता तर बाकी सगळे परके झाले असते.

एक जागा मात्र टोचली. मालिकेतल्या एका वर्गात फळ्यावर शेडी सँड्स या शहराच्या पतनाचं साल २२७७ लिहिलंय. 'न्यू व्हेगास' हा गेम २२८१ मध्ये घडतो आणि त्यात अशा काही विनाशाची चर्चा नाही. फळ्यावरच्या चार आकड्यांनी आमच्या गटात जे वाद पेटले, ते अजून शमलेले नाहीत. ज्यांनी त्या गेमच्या वाळवंटात महिने घालवलेत त्यांच्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही.

वास्कोहून

मी 'हेलो'बद्दल लिहितो. त्याचा नायक मास्टर चीफ, त्याचा चेहरा गेमने कधी धड दाखवला नाही, कारण त्या शिरस्त्राणात खेळणारा बसलेला असतो. मालिकेने पहिल्याच भागात ते उतरवलं. नट चांगला होता, पण माझा त्या माणसाशी काही संबंध उरला नाही. दोन सीझननंतर मालिका बंद झाली.

साखळीहून

मी गेम खेळलेली नाही, मुलगा खेळतो. मी कर्णबधिर मुलांना शिकवते, म्हणून त्याने मला 'द लास्ट ऑफ अस'चा पाचवा भाग मुद्दाम दाखवला. त्यातला धाकटा भाऊ सॅम कर्णबधिर आहे, भूमिका करणारा मुलगाही खरोखर कर्णबधिर आहे. मुलाने सांगितलं की गेममधला सॅम मोठा आहे आणि त्याला ऐकू येतं.

माझ्या पोरांची खुणांची भाषा वेगळी, सॅमची अमेरिकन. तरी दोघा भावांची घाई, एकाने दुसऱ्याचा चेहरा आपल्याकडे वळवून घेणं, हे मी रोज बघते. एलीला ती भाषा येत नाही, म्हणून ती आणि सॅम पाटीवर लिहून बोलतात. शेवटी ती त्याच पाटीवर माफी लिहून थडग्यावर ठेवते. मुलगा म्हणाला, "आई, गेममध्ये हे नव्हतं." मग त्याने मला गेममधला तो प्रसंगही लावून दाखवला. तोही वाईट वाटणाराच आहे, पण हे मूल मला आमच्या वर्गातलं वाटलं. पडद्यावर कर्णबधिर मूल दिसतं ते बहुतेक वेळा कीव यावी म्हणून. इथे ते भावाशी भांडतं, हसतं, कॉमिक वाचतं. धागा काढल्याबद्दल देव बरें करूं.

पेडण्याहून

आमच्या घरात दशावतार. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, पण संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. काल द्रौपदी असं बोलली नव्हती म्हणून कुणी उठून जात नाही. द्रौपदी द्रौपदीसारखी वागली नाही तर मात्र म्हातारी माणसं मांडवातच बोलून दाखवतात. गेमच्या मालिकेला मी हीच कसोटी लावतो.

'लीग ऑफ लेजंड्स' मी कॉलेजपासून खेळतोय. पाच विरुद्ध पाच, खेळताना गोष्ट अशी नसतेच. जिंक्स म्हणजे रॉकेट सोडणारी, खिदळणारी मुलगी, बस्स. २०२१ मध्ये त्यावरची 'आर्केन' आली. फ्रान्सच्या फॉर्टिश स्टुडिओने हाताने रंगवल्यासारखी चित्रं करून तिला बालपण दिलं, पावडर हे नाव दिलं, व्हाय ही बहीण दिली. आता सामन्यात समोरच्या संघात व्हाय असली आणि माझ्याकडे जिंक्स असली की मला त्या दोघी बहिणी दिसतात. मी अजूनही तिला मारतो, तो खेळच आहे. पण मालिकेमुळे जुना गेम माझ्यासाठी जड झाला, आणि मला ते आवडलं.

मडगावहून

धागाकर्त्यांनी इस्पितळातल्या सर्जनचं लिहिलंय, तिथूनच पुढे लिहिते. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा गेम २०२० च्या जूनमध्ये आला. अ‍ॅबी नावाची अनोळखी बाई जोएलला मारते, का ते कळत नाही, आणि आपण एली होऊन तिचा सूड घ्यायला निघतो. अर्ध्या वाटेवर गेम आपल्याला अ‍ॅबी करतो. मग कळतं, तो सर्जन तिचा बाप होता. ज्याला मी मारलं होतं, तो.

दुसऱ्या सीझनने हे सुरुवातीलाच सांगितलं. अ‍ॅबी थडग्यांपाशी उभी राहते, शपथ घेते, आणि जोएलला मारण्याआधी बापाचं नाव काढते. साप्ताहिक मालिकेला इतकं मोठं कोडं वर्षानुवर्षं लपवून ठेवणं अवघड, हे मला समजतं. पण तिचा द्वेष करायला मला वेळच मिळाला नाही, मग तो द्वेष गळून पडण्याचं दुःख कुठून येणार?

थिएटरमधल्या मारामारीत गेम आपल्याला अ‍ॅबी करून एलीवर सोडतो. चौकोनाचं बटण दाबलं की ठोसा एलीला बसतो. माझा अंगठा बटणावर होता आणि दाबवत नव्हतं, म्हणून मी तिथे पुन्हा पुन्हा मेले. सीझन त्याच थिएटरपाशी थांबलाय. ते बटण मालिकेकडे नाही. अ‍ॅबीच्या बाजूने आम्हाला उभं करायला तिला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, आणि ते बिल-फ्रँकच्या तोडीचं असायला हवं. तुमच्यापैकी ज्यांनी गेम न खेळता दुसरा सीझन पाहिलाय, त्यांना अ‍ॅबीचा राग आला का? किती दिवस टिकला?